डोळे मिटणारा बैल

ओहायो, अमेरिका
८ सप्टेंबर २०२४

निकिताच्या बाबांस,
विमलचा सा. न. वि. वि.

लग्नाले इतके वर्षं झाले, पण तुम्हाले पत्र लिहायची पाळी कधी आली नाही. त्याच्यानं मायना कसा लिहितात ते मले ठाऊक नाही. नाव घेतलं नाही एवढं समजून घ्या. पत्र काहून, ते सांगते. फोनवर तुम्हाले माझं काही ऐकू येत नाही. कानात शिट्ट्या वाजतात आन तुम्ही नुसती मान हलवता. वरून व्हिडिओवर बोलायचं म्हणजे इकडून निकिता, जावई, रेवा आन तिकडून मोबाइल धरून बसंतीबाई, सारी पंचायत भरते. शेजारणीच्या मोबाइलात तोंड घालून नवऱ्याशी माणसानं काय बोलावं? डॉक्टरनं तुम्हाले विमानात बसू नका म्हटलं नसतं तर हे लिहायची गरजच नव्हती, बाजूलेच बसले असते.

बाळ तीन महिन्यांचं झालं, मान धरते. नाक तुमच्यावर गेलं आहे, बिचाऱ्याचं नशीब. निकिताची तब्येत आता बरी आहे. मी रोज तेल लावून देते आन ती रोज म्हणते की आई, इतकं नको. रेवा मात्र दिवसभर माझ्या पदराले धरून असते. सहा वर्षांची पोट्टी, पण प्रश्न विचारून विचारून डोस्कं खाते.

गेल्या सोमवारी पोळा गेला. इथं कुठला बैल आन कुठला पोळा! दुसऱ्या दिवशी, पोट्ट्यांच्या तान्ह्या पोळ्याले, करमेना, म्हणून रेवाले निकिताचा लहानपणचा फोटो दाखवला. निकिता फ्रॉक घालून लाकडी बैल ओढून राह्यली आन बैलाचे डोळे लालभडक पेटलेले, तुम्ही बसवून देल्ले होते ते. मी तिले सांगितलं की आमच्याकडं या दिवशी पोट्टे आपापला बैल घेऊन घरोघरी जातात, बाया त्यांले ओवाळतात, बोजारा म्हणून पैसे नाही तर खाऊ देतात. तर पोट्टी नाचायले लागली. म्हणे आजी, आमच्याकडं पण असंच असते, हॅलोविन. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सारे पोट्टे भुताखेताचं सोंग घेतात आन दारोदारी गोळ्या-चॉकलेट मागत फिरतात. म्हणजे तान्हा पोळाच की, फक्त बैल नाही आन ओवाळणं नाही. लोक आतापासून घरापुढं हाडाचे सापळे टांगून राह्यले, बाप्पा! आपल्याकडं कोणी टांगला असता तर गल्लीनं त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

तर मुद्दा असा, की रेवाले यंदा बैल व्हायचं आहे. भूत नाही, परी नाही, बैल. आन डोळे पेटले पाहिजेत. दुकानात तयार सोंगं गंज, ढिगानं भेटतात, पण तिच्या शाळेत घरी केलेल्याचं कौतुक. काय काय लागते, कसं जोडायचं, ते मले समजेल असं लिहा. मले म्हणजे मले, तुमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या भाषेत नाही.

माझं तिकीट १६ नोव्हेंबरचंच आहे. कानात थेंब टाकत जा. जेवण वेळेवर करजा. तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
विमल


पुसद
२५ सप्टेंबर २०२४

सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद. (असंच लिहितात म्हणे. तू माझे आशीर्वाद कधी घेतले ते मले काही आठवत नाही.)

तुझं पत्र काल दुकानावर आलं. गिऱ्हाईक टीव्ही घेऊन उभं होतं, त्याले म्हटलं थांब, अमेरिकेचं पत्र आहे, आन सारं वाचूनच मान वर केली. शब्दन् शब्द समजला. फोनवर तीन महिन्यांत जेवढं समजलं नव्हतं तेवढं दोन पानांत समजलं. तू अशीच लिहीत जाय.

आता कामाचं. जन्मभर माझ्या दुकानाले भंगार म्हटलं आन आज त्याच भंगारात गरज पडली, हे मी बसंतीबाईले सांगितलं. ती लय हसली. सोबत एक डबी पाठवतो. दोन लाल एलईडी आहेत, खराब होतील म्हणून चार जास्तीचे टाकले. सर्किटची बारकी पट्टी मी इथंच तयार केली आहे, तुले फक्त वायरी जोडायच्या आहेत. सेल पोस्टात घेत नाहीत, तिथूनच नऊ व्होल्टचा चौकोनी घेजो. वायरी डाग देऊन जोडायची सोल्डरिंगची गन जावयाले मागवायले सांग.

एलईडीचे दोन पाय असतात. लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस. उलटा लावला तर पेटत नाही, पण बिघडतही नाही, घाबरू नको. मधात रेझिस्टन्स म्हणून रंगीत पट्ट्यांचा बारका दाणा आहे, तो घालायचाच. तो म्हणजे माझी आई समज, कोणाले एकदम मोकळं सोडत नाही. तो नसला तर सेलचा सारा जोर एलईडीवर येते आन एका चमकेत त्याचा खेळ खलास.

आता गंमत ऐक. निकिताच्या बैलाले बटण होतं. रेवाच्या बैलाले बटण नाही. टिकलीएवढी नागमोडी रेघांची चकती आहे, ती बैलाच्या कपाळावर मधोमध बसव. ती उजेड ओळखते. अंधार असला की डोळे पेटतात. तू निरांजन घेऊन ओवाळाले गेली, दिवा कपाळाजवळ आला, की बैल डोळे मिटते. दिवा दूर नेला की उघडते. मी दुकानाचं शटर ओढून, तुझं निरांजन आणून किती तरी वेळा करून पाह्यलं. खरोखरचा बैल पाठीवर हात फिरवला की डोळे मिटते ना, तसंच दिसते. एक ध्यानात ठेव, घराबाहेरचा मोठा दिवा त्या दिवशी बंद ठेवजो. नाही तर बैल झोपूनच राहील.

इकडं सारं ठीक आहे. सोयाबीन निघून राह्यलं, रस्त्यानं ट्रॅक्टर आहेत. बसंतीबाई भाकर पाठवते. भाकर जाड असते, आपल्यासारखी पातळ नसते, पण ठीक आहे. थेंब टाकतो. निकिताले, रेवाले, बाळाले आशीर्वाद, जावयांले नमस्कार. तुझ्या लोभात आहोच.

किसन


ओहायो
९ ऑक्टोबर २०२४

निकिताच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

डबी भेटली, एकही दाणा फुटला नाही. जावयांनी गन मागवली आन गॅरेजात टेबल लावून देलं. ते स्वतः कॉम्प्युटरवाले, पण म्हणाले की आई, मले हे जमत नाही. मग मीच पदर खोचला. चष्मा लावून बसली. पहिल्याच दिवशी रेवा मागं लागली की आजी लवकर, लवकर, आन मी घाईत तुमची आई मधात घालायचीच विसरली. सेल लावला, एलईडी एकदा असा चमकला की रेवानं टाळ्या वाजवल्या, आन गेला. पोट्टीले वाटलं बैलानं डोळा मारला. मी म्हटलं हो, मेला तो. जास्तीचे पाठवले हे बरं केलं. बोटालेही चटका बसला, पण काही नाही, पोळ्या करणाऱ्या बोटाले काय होते!

एक सांगते, हसू नका. सोल्डरची तार वितळली तसा तिच्या राळेचा धूर निघाला आन तो वास आला. तुमच्या शर्टाले येते तो. त्या वासावरून मी तुमच्याशी किती भांडली, शर्ट वेगळे धुतले, दारातच काढून ठेवायले लावले. आता तिथं गॅरेजात मी गन नुसतीच सोल्डरवर टेकवून बसली होती, काही जोडायचं नव्हतं तरी. रेवानं विचारलं की आजी काय करून राह्यली. म्हटलं, काही नाही, तुझ्या आबाले बोलावून राह्यली. तिनं मागं वळून दाराकडं पाह्यलं.

बैलाचं डोस्कं पुठ्ठ्याचं केलं आहे, शिंगं वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची, त्यावर लाल गोंडे. झूल माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची. परवा दिवा नेऊन पाह्यला आन खरंच डोळे मिटले, बाप्पा! मले तर आंगावर काटा आला. तुमच्याच हातचं आहे, हे खरं वाटेना.

आता दुसरी गोष्ट. निकिताले डिसेंबरपासून ऑफिसात जायचं आहे. बाळ लहान. बाहेरची बाई ठेवायची तिची हिंमत होऊन नाही राह्यली. तिचं म्हणणं आहे की मी अजून सहा महिने राहावं, इथं राहायची मुदत वाढवून भेटते. कागद महिन्याभरात भरावे लागतात. मले म्हणाली, आई, बाबांना तू विचार. मी म्हटलं, तूच विचार. तिची चिठ्ठी याच पाकिटात आहे. मी काही म्हणत नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन. फक्त खरं खरं लिहा, एवढं माझं मागणं आहे.

दसऱ्याचं सोनं इथं भेटत नाही, मनातच समजून घ्या. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
विमल


पुसद
२१ ऑक्टोबर २०२४

सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं आन निकिताचं पत्र भेटलं. पोरीचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्यांदाच मागून राह्यली काही. लग्नात मागितलं नाही, शिकतांना मागितलं नाही. बाळाले परक्या हातात काहून द्यायचं? तू राहा. सहा महिने कसे जातात ते समजतही नाही. कागद भरून टाका.

माझी काळजी करू नको. इकडं सारं ठीक आहे. सकाळी चहा करतो, वरण-भात लावतो. भाजी बसंतीबाई देते, आता पातळ भाकरही कराले शिकली, मी काही बोललो नव्हतो तरी. दुकान ठीक चालते. दिवाळीच्या माळा दुरुस्तीले गंज आल्या आहेत. कानाचं तसंच आहे, पण गिऱ्हाईक ओरडून बोलते, चालून जाते.

रेवाच्या बैलाचा खेळ मले असा आवडला, की तसंच एक मी आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीच्या जाळीले चकती लावली, वरच्या बल्बले जोडली. दिवस बुडला की बल्ब आपोआप पेटते. मी दुकान बंद करून गल्लीत वळलो, की खिडकीत उजेड दिसते. त्याच्यानं बरं वाटते. अंधाऱ्या घराचं कुलूप उघडायचं म्हणजे हात लवकर जात नाही. काम सोपं आहे, फक्त घरच्या करंटसाठी मधात रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, टाकावा लागला. बसंतीबाईचा मालकही करून मागून राह्यला, पण त्याले कायले पाहिजे, त्याच्या घरात माणसं आहेत.

तुमचा तो सण पार पडला की कसं झालं ते सविस्तर लिहिजो. बाळाचा फोटो आला, नाक माझंच आहे. सारे आनंदात राहा. लोभ आहे, तो राहीलच.

किसन


ओहायो
३ नोव्हेंबर २०२४

निकिताच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी सणाचं सांगते, मंग तुमची खबर घेते.

त्या दिवशी तुम्ही सांगितलं तसा मी दारावरचा दिवा बंद केला. ताट तयार केलं, कुंकू, अक्षता, निरांजन. बोजाऱ्याले चॉकलेटं आन मीच केलेले अनारसे. रेवा बैल होऊन दारात उभी. अंधारात ते दोन लाल डोळे काय दिसत होते म्हणून सांगू! तिचं म्हणणं होतं की आधी आपल्या दारी येणाऱ्या पोट्ट्यांले बैल दाखवू, मंग फिरायले जाऊ. निकिता आत बाळाले निजवून राह्यली होती, आम्ही दोघी वाट पाहत उभ्या. रस्त्यानं पोट्टे चालले होते, सापळे, चेटकिणी, वाघ, एक जण तर भोपळा. समोरच्या घरी जात, बाजूच्या घरी जात, आन आमच्या दारासमोरून सरळ पुढं निघून जात. एकही वळेना. मी हात हलवले, हाका मारल्या, तर ते अजूनच पळाले. अंधारातून एक बाई आन दोन लाल डोळे, पळतील नाही तर काय करतील! रेवाचं तोंड पुठ्ठ्याच्या आत रडकुंडीले आलं. म्हणे आजी, आपला बैल कोणालेच नाही आवडत.

जावई ऑफिसातून आले तेव्हा समजलं. इथं दारावरचा दिवा लावला म्हणजे या, आमच्याकडं खाऊ आहे. दिवा बंद म्हणजे येऊ नका. मी दिवा बंद करून साऱ्या गावाले परत पाठवून राह्यली होती! जावई दिवा लावायले गेले, तर रेवा ओरडली, कारण दिवा लावला की डोळे जातात. मले राग आला, इतके दिवस बोटं भाजून घेतले ते कायले? मी ताट उचललं, पोट्टीचा हात धरला आन तशीच रस्त्यावर निघाली. कोपऱ्यावर मोठ्या झाडाखाली अंधार आहे, तिथं जाऊन उभी राह्यली. पहिले एक सापळा थबकला. मी दिवा रेवाच्या कपाळाजवळ नेला, बैलानं डोळे मिटले. दूर नेला, उघडले. सापळा ओरडला आन त्यानं सारे मित्र बोलावले. मंग काय, रांग लागली. मी बैलाले ओवाळलं, तसं प्रत्येकाले ओवाळलं. सापळ्याले कुंकू, चेटकिणीले कुंकू, भोपळ्याले तर कुठं लावू समजेना. एकीच्या आईनं विचारलं की तुम्ही कशाचं सोंग घेतलं आहे. रेवानं मले समजावून सांगितलं. मी म्हटलं, सांग तिले, सोंग नाही, मी अशीच आहो.

झोपतांना रेवानं विचारलं की आजी, तू गेल्यावर माझ्या बैलाचे डोळे कोण मिटवल.

आन काल पाडव्याले तुमचं पत्र आलं. सकाळी मोबाइलवर तुम्ही दिसले तेव्हा मी पडद्याले ओवाळलं होतं, तुम्हाले वाटलं मी फराळाचं ताट दाखवून राह्यली. तुम्ही म्हणाले चकल्या छान झाल्या. निकिता हसून हसून पडली. मीही हसली. मंग दुपारी पत्र वाचलं आन हसू गेलं.

इकडं सारं ठीक, माझी काळजी करू नको, राहा. अहो, मी खरं लिहा म्हटलं होतं. ज्याचं सारं ठीक असते, त्याले आपल्याच घरात आपल्यासाठी दिवा लावून ठेवावा लागत नाही. तो परिच्छेद मी निकिताले वाचून दाखवला. ती उठून बाळाजवळ जाऊन बसली. संध्याकाळी आली आन कागद माझ्यासमोरून उचलून नेले, भरलेच नव्हते. म्हणाली, आई, तू जा, मी करीन काही तरी. मंग माझ्या मांडीवर डोस्कं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी. मीही रडली. मले इथंही राहायचं आहे, हे तुम्हाले सांगूनच ठेवते. रेवाले सोडून येतांना माझा जीव अर्धा इथं राहील. पण मी येऊन राह्यली. १६ तारखेच्या विमानानं. तुम्हाले विचारलं नाही आन विचारत नाही.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेवजा.

तुमची,
विमल


पुसद, स्वयंपाकघर
२६ नोव्हेंबर २०२४

निकिताच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बाहेरच्या खोलीत रेडिओ उघडून बसले आहात आन मी इथं गॅसजवळ आहो. तरी पत्र लिहून राह्यली. येऊन आठ-नऊ दिवस झाले. आल्या दिवशी तुम्ही स्टँडवर माझी बॅग घेतली, हातही धरला, चार माणसांत, जे कधी केलं नाही. पण तेव्हापासून मी बोलते आन तुम्ही मान हलवता.

आज सकाळी रेवाचा फोन आला होता. तिनं माझ्या खोलीत बैल ठेवला आहे आन तिथंच झोपते म्हणे. निकितानं बाळासाठी बाई ठेवली, ती चांगली आहे, पण रेवा तिच्या हातचं खात नाही. हे मी तुम्हाले सांगाले आली. सांगतांना मले रडू आलं. तुम्ही हसले आन म्हणाले, हो, छान झालं. मी परत सांगितलं. तुम्ही परत म्हणाले छान.

तुमचा राग नाही आला मले. पण साता समुद्रापलीकडं होती तेव्हा माझा शब्दन् शब्द तुमच्यापर्यंत पोचत होता, आन आता चार पावलांवरून पोचत नाही. तिथं तुमच्यासाठी जीव तुटायचा, इथं तिच्यासाठी तुटते, आन ते सांगायले घरात तुम्ही असून कोणी नाही. म्हणून लिहिलं. कागद तुमच्या पुढ्यात ठेवून जाते.

लोभ असू द्या.

विमल


(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. या खेपेले टपालाले काही वेळ लागला नाही.

पोट्टी तुझ्या खोलीत झोपते आन मी छान म्हटलं. मले काहीच ऐकू आलं नव्हतं, विमल. तुझे ओठ हलत होते आन तू समोर होती, मले तेवढ्यानंच छान वाटत होतं. तू रडत होती हे पाह्यलं, पण तुले इतक्या दिवसांनी घर भेटलं म्हणून रडून राह्यली असं मी धरून चाललो. तुले विचारायले पाहिजे होतं. ऐकू येत नाही हे तुझ्यासमोर म्हणायची लाज वाटते, म्हणून मान हलवतो. आता नाही हलवणार.

रेवाले आपण दोघं मिळून पत्र लिहू. तू सांग, मी लिहीन, नाही तर तूच लिही आन मी बाजूले बसीन. दुकानातून वहीचे कोरे कागद आणले आहेत, ते कपाटावर आहेत. तुले जे सांगायचं ते त्यावर लिहीत जाय, दिवसातून कितीही वेळा. मी सारं वाचीन.

भाजी करपल्याचा वास येऊन राह्यला. ती पाह्य पहिले, आन मंग पुढचं लिही.

किसन